साऱ्यांना सारखी पात

एका तासात मी बसल्या जागी त्रेचाळीस वेळा हललो. हे माझं म्हणणं नाही, माझ्या वर्गातल्या एका ग्रीक मुलाच्या वहीत तसं लिहिलेलं होतं. इंग्लंडमधल्या त्या विद्यापीठात आमचा तो पहिलाच प्रयोग. माणसाला खुर्चीत बसवायचं, हातात साधं काम द्यायचं आणि तो किती वेळा पाय हलवतो, पाठ टेकतो, पुढे सरकतो ते मोजायचं. बाकीच्यांचे आकडे दहा-पंधराच्या आसपास होते. माझा आकडा ऐकून आमचे सर म्हणाले, खुर्ची ठीक आहे, माणूसच ठीक नाही. वर्ग हसला. मीही हसलो, पण आतून चिडलो होतो, कारण ते खरं होतं.

मला बसवतच नव्हतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आकाश कायम करडं, खोलीत हीटरचा कोरडा वास, आणि दुपारी चारला अंधार. मी लायब्ररीत वीस मिनिटं बसे, उठे, मैदानाला फेरी मारे, परत येई. घरमालकीण म्हणे, तुझ्या चालण्याने माझा गालिचा झिजला. पायाला भिंगरी म्हणतात ती माझ्या पायाला नव्हती, डोक्याला होती.

विषयाचं नाव एर्गोनॉमिक्स. काही जण त्याला ह्यूमन फॅक्टर्स इंजिनीअरिंग म्हणत. थोडक्यात सांगायचं तर कामासाठी माणूस वाकवायचा नाही, काम माणसाच्या बेताचं करायचं. माझ्या मायने ते त्याहून थोडक्यात सांगून टाकलं होतं. "माहा पोरगा विलायतेत पाठ मोजाचं शिकून राह्यला," असं ती गावभर सांगत होती.

तिचं चुकीचं नव्हतं. नागपूरहून इंजिनीअर होऊन मी तीन वर्षं गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्यात काढली होती. पॅकिंगच्या विभागात पोती उचलणारी माणसं पाळी संपली की भिंतीला पाठ घासत उभी राहायची. मी वर विचारलं तर उत्तर आलं, त्यांना सवय आहे. ते उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. पुढे सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. हाच विषय का, असं त्यात विचारलं होतं. पोत्यांबद्दल लिहायला बसलो आणि लिहिलं मायच्या पाठीबद्दल. अकरा वर्षांची असल्यापासून दर पावसाळ्यात ती धानाच्या चिखलात वाकते, बाप गेल्यावर याच पाठीवर तिने मला शिकवलं, असं दोन पानं लिहिलं. छप्पन साली दीक्षा घेतलेलं आमचं घर. तिथं 'शिक' हा शब्द भातासारखा रोज दोनदा वाढला जायचा. पण मला परदेशी पाठवलं ते त्या दोन पानांनी, असं मला आजही वाटतं. म्हणजे मायच्या पाठीचा उपयोग मी आधीच एकदा करून घेतला होता.

उन्हाळ्यात प्रबंधाचे विषय ठरले. कोणी विमानाचा कॉकपिट घेतला, कोणी वीजकेंद्राची कंट्रोल रूम. मी म्हणालो, भाताची रोवणी. सर खुर्चीतून पुढे झुकले. इंग्लंडात बसून कोणाला असा विषय सुचला नसता, म्हणाले. त्यांनी मला एक स्टॉपवॉच दिलं, पाठ किती अंशात वाकली ते दाखवणारा पट्ट्याचा काटा दिला, आणि माणसाच्या शरीराची रेखाकृती छापलेले कागद दिले. 'कुठे दुखतं' असं विचारून त्यावर खुणा करायच्या. आणि निघताना एकच गोष्ट तीनदा बजावली. तुलना करायची तर सगळ्यांना काम सारखं दे. कोणाला कमी, कोणाला जास्त असं झालं तर तुझ्या आकड्यांना काही अर्थ राहणार नाही.

जुलैच्या मध्याला मी चंद्रपूरकडच्या सावली स्टँडवर उतरलो. तिथून गाव जवळच, वैनगंगेच्या बाजूला. माय घरी नव्हती. रोवणीच्या दिवसात आमच्या गावात दुपारी कोणीच घरी नसतं. कोंबड्या आणि आजारी माणसं तेवढी उरतात. मी बॅग ओसरीवर टाकली आणि बुटांसकट शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर गेलो.

मायची टोळी चौदा बायांची. आमच्याकडे रोवणी गुत्त्याने दिली जाते. म्हणजे मालकाने भाताच्या अख्ख्या खाचराचं, आमच्या भाषेत बांधीचं, काम टोळीला ठरवून द्यायचं, टोळीने ते कसं करायचं ते तिचं तिने पाहायचं. टोळी चालवणारी एक उंच, करड्या आवाजाची बाई होती, तिला सगळ्या मोठी बाई म्हणत. टोळीत बाई एकदा शिरली की दरवर्षी तिथंच. सकाळी दारावरून हाक येते, ती हातात शिदोरी घेऊन निघते, संध्याकाळी चिखलाचे पाय घेऊन टोळीबरोबर परतते. कोणाच्या सुनेचं काय, कोणाच्या जावयाचं काय, सगळं त्या चिखलात ठरतं. टोळीतून सुटलेल्या बाईला कोणी वाईट म्हणत नाही. फक्त त्या दीड महिन्यात तिच्याशी बोलायला गावात कोणी नसतं.

म्हणून नोकरी लागल्यावर मी मायला "आता बस झालं" असं म्हणालो, तेव्हा तिने मला वेड्यात काढलं होतं. "घरी बसून काय कोंबड्याईसंग बोलू?"

मोजणीला सुरुवात झाली. बायांनी माझी यथेच्छ टिंगल केली. पाठीला पट्टा बांधला की एक म्हणे, "फोटो काढून राह्यला का गा?" दुसरी म्हणे, "तुह्या बायकोले असा पट्टा बांधजो, मंग आमाले सांगजो." मी रेखाकृतीचे कागद काढले. कुठं दुखतं? चौदा बायांनी चौदा वेळा सांगितलं, काई नाई दुखत. मायसुद्धा. मी म्हणालो, माय, खरं सांग. ती म्हणाली, "खरंच सांगून राह्यली. पाठ आहे तं थकनारच. दुखत नाई." कागदावरचा माणूस पुढून-मागून कोरा राहिला. मला त्याचा संताप आला. सात हजार किलोमीटरवरून आणलेले कागद, आणि यांचं काही दुखतच नाही!

रोवणीत बाया ओळीने वाकून उभ्या राहतात आणि रोपं लावत लावत मागे सरकतात. एकेकीच्या वाट्याला हाताच्या आवाक्यात येईल तेवढा पट्टा असतो, त्याला पात म्हणतात. साधारण सहा ओळींची. मी धुऱ्यावर बसून, म्हणजे अर्थात उंटावरून शेळ्या हाकत, एकेकीच्या ओळी मोजत होतो. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की पाती सारख्या नाहीत. बाकी सगळ्यांच्या सहा, मायच्या दोन्ही बाजूंच्या बायांच्या सात-सात, आणि मायच्या चार.

इंजिनीअरला आणखी काय हवं? चूक सापडली होती. माझे तीन दिवसांचे आकडे मातीत गेले होते आणि त्याचं कारण मला मिळालं होतं. सवय, ढिलाई, बेशिस्त, जे काही असेल ते. हे असंच का, हा एक प्रश्न मी विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण प्रश्न विचारायला माणसाला एका जागी थांबावं लागतं. सप्टेंबरात प्रबंध द्यायचा होता, परतीचं तिकीट ठरलेलं होतं. मी त्याच संध्याकाळी बांबूच्या खुंट्या तासायला बसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला शाळेत दहा मार्कांना आली होती.

दुसऱ्या दिवशी बांधीच्या दोन्ही धुऱ्यांवर मी मोजून खुंट्या ठोकल्या आणि आरपार सुतळ्या ताणल्या. चौदा पाती, एक बोटभरही कमी-जास्त नाही. चिखलावर ताणलेल्या त्या पांढऱ्या सुतळ्या मला फार सुंदर वाटल्या. बाया धुऱ्यावर उभ्या राहून पाहत होत्या. आज कोणी टिंगल केली नाही.

मोठी बाई माझ्याजवळ आली. "हे काऊन गा?"

"साऱ्यांना सारखी पात पाहिजे, बाई. अर्धाच तास. मग सुतळ्या काढून टाकतो."

"आज नोको. आज मालक येऊन राह्यले."

"येऊ द्या की. मालकाचं काय नुकसान आहे?"

तिने मायकडे पाहिलं. मीही पाहिलं. माय साडीचा ओचा खोचत होती. मान वर न करता ती म्हणाली, "घेऊ दे त्याले. त्याचा अभ्यास आहे."

मोठी बाई मग म्हणाली, "तुह्या मर्जीनं." हे माझ्यासाठी नव्हतं, मायसाठी होतं. पण मी स्टॉपवॉच पुसत होतो.

बाया उतरल्या. मी बटण दाबलं. पहिली पाच मिनिटं रांग सरळ होती. मग मायची जागा किंचित पुढे दिसू लागली. म्हणजे बाकीच्या मागे सरकल्या होत्या, ती राहिली होती. दहा मिनिटांनी तिच्या दोन्ही बाजूंना रोपं लावून झालेली होती आणि मधल्या उघड्या चिखलाच्या पट्ट्यात ती एकटी वाकलेली होती. तिचा डावा हात रोपांची पेंढी धरण्याऐवजी गुडघ्यावर जात होता. उजव्या बाजूच्या बाईचा हात दोनदा सुतळीपलीकडे गेला. मी धुऱ्यावरून ओरडलो, "आपापल्या पातीतच!" तिने हात मागे घेतला.

हे वाक्य मी ओरडलो होतो, हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे.

अर्ध्या तासाने मी बटण दाबलं तेव्हा तेरा बाया धुऱ्यालगत पोचल्या होत्या आणि माय अजून बांधीच्या मध्यावर होती. ती उभी राहायला गेली आणि तिला उभं राहता आलं नाही. दोन्ही हात मांड्यांवर टेकून ती तशीच अर्धी वाकून थांबली. आणि तरीही, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आधी आलं ते हे की आकडा फार स्पष्ट आला. एक बाई इतरांच्या निम्म्याने मागे. आलेखात उठून दिसेल. त्यानंतर ती बाई कोण आहे ते माझ्या लक्षात आलं.

मालक छत्री घेऊन कधी येऊन उभा राहिला होता मला कळलं नाही. साधा म्हातारा माणूस. ओरडला नाही, टाकून बोलला नाही. मोठ्या बाईला एवढंच म्हणाला, "थ्या बाईच्यानं आता होत नाई वो. उद्यापासून तेराच आना. मांगं राह्यते तं रोपटं सुकते." आणि पुढच्या बांधीकडे गेला.

मी त्याच्या मागे धावलो. म्हणालो, हे रोजचं काम नाही, हा प्रयोग होता, सुतळ्या मी बांधल्या होत्या. त्याने मला शांतपणे ऐकून घेतलं. "तू शिकला-सवरला मानूस," तो म्हणाला, "तूच मोजलं नं? आता तूच म्हनते का मोजनं खोटं आहे?"

मोजणं खोटं नव्हतंच.

परत आलो तर मायच्या उजव्या बाजूची बाई माझ्या सुतळ्या गुंडाळत होती. तिने तो गुंडाळा माझ्या हातात दिला आणि मला सगळं सांगितलं. "दोन वर्सं झाले, तुह्या मायच्या पाठीनं सोडलं. आमी दोघी तिची एक-एक ओळ घेतो. कोनं कोनाले सांगतलं नाई, तिनं मांगतलं नाई. मालकाले काई फरक नोयता, त्याची बांधी तं पुरी होऊन राह्यली होती. तुले इचाराले काय झालं होतं गा?"

झाकली मूठ होती. चौदा बायांनी दोन वर्षं धरून ठेवलेली. मी स्टॉपवॉच लावून ती उघडली होती. कागदावरचा माणूस कोरा का राहिला तेही मला आता कळलं. दुखतं असं एकीने म्हटलं असतं तर कोणाचं, किती, कधीपासून, हे सगळं वहीत आलं असतं. म्हणून सगळ्याच जणींनी नाही म्हटलं होतं.

मी मायवर चिडलो. लाज वाटली की मी चिडतो, हा माझा जुना रोग आहे. घरी ती चुलीपुढे बसली होती, पाठीला उशी लावून, आता लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून. मी ओसरीत येरझाऱ्या घालत ओरडत होतो. "मले काऊन सांगितलं नाई? मी यासाठीच शिकून राह्यलो नं?"

"सांगतलं असतं तं तू थांबला असता का तिकडं?" ती म्हणाली. "नोकरी सोडून गेलताच. शिकनं सोडून आला असता. तुले एका जागी बसवते का?"

"मग आज तरी सांगायचं. सकाळी. मी सुतळ्या काढल्या असत्या."

"तुह्या सरानं सांगतलं होतं नं सारखं पाह्यजे म्हनून? तूच म्हनला पहिल्या दिवशी. सारखं नसन तं पास करनार नाई म्हनून." तिने चुलीत काटकी सरकवली. "मले वाटलं, अर्धाच तास आहे. काढीन कसातरी."

मी ओसरीच्या पायरीवर बसलो आणि रडलो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, भात पाहत राहिली. भात उतरवून म्हणाली, "जेवून घे."

त्या अर्ध्या तासाचा आलेख पुढे माझ्या प्रबंधात गेला. मी तो काढून टाकायचं ठरवलं होतं. शेवटच्या आठवड्यात धीर झाला नाही, कारण तेवढाच एक भाग सरांच्या कसोटीला उतरत होता. त्याच्या पुढे मी आणखी सहा पानं जोडली, त्या टोळीत काम माणसाच्या बेताचं आधीच केलेलं होतं आणि मी जाऊन ते मोडलं, असं लिहिलं. सरांनी आलेखाच्या बाजूला 'उत्तम' असं लिहिलं आणि त्या सहा पानांच्या बाजूला 'हे मोजता येईल का?' असं विचारलं. पदवी मिळाली. ती खोट्या कामाची नाही, पण भिंतीवर मी ती कधी लावली नाही.

पण हे सगळं नंतरचं. इकडे गावात मालकाच्या बांध्या चार दिवसांत संपल्या. पाचव्या दिवशी टोळीने दुसऱ्या शेतकऱ्याचा गुत्ता घेतला. त्या सकाळी दारावर हाक आली. मी उडी मारून उठलो. मला वाटलं, झालं, मिटलं सगळं. मोठी बाई अंगणात उभी होती, मागे रस्त्यावर बाकीच्या.

"चाल वो. इथी कोनी पाहाले नाई. तुही पात तुले आहे."

माय दारात आली. तिने साडी खोचलेली नव्हती. "नाई येत," ती म्हणाली.

"काऊन? पोराचं मनावर घेऊन राह्यली का?"

"पोराचं काय आहे त्याच्यात? आतापावतो मी चार ओळी लावत होती, तुमी सात. मोजलं कोनं होतं? आता साऱ्याईले मालूम झालं. आता तुमी माही ओळ घेतली तं थो उपकार होते. उपकाराची पात मी नाई धरत."

मोठ्या बाईने बराच वेळ वाट पाहिली. माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, ती आता मला शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. पण तिने नुसता पदर खोचला. मग त्या गेल्या. बोलण्याचा आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होता. माय आत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली.

उरलेले दिवस मी गावात नुसता फिरत काढले. घरात थांबवेना, कारण ती घरात होती. नहराच्या काठाने जायचो, विहारात जाऊन बसायचो, उठायचो, परत यायचो. प्रत्येक वेळी ती ओसरीवर दिसे. एकदा कोंबड्यांशी बोलताना दिसली आणि मी तसाच मागे फिरलो.

ऑगस्टच्या मध्याला मी निघालो. लहानपणी मी चंद्रपूरला वसतिगृहात होतो, आणि शाळा उन्हाळ्यानंतर सुरू व्हायची ती नेमकी रोवणीच्या तोंडावर. मी दरवर्षी एकटाच पेटी घेऊन सावलीला जायचो. इतर मुलांच्या आया स्टँडवर यायच्या, खिडकीतून काहीतरी द्यायच्या, डोळे पुसायच्या. माझी माय चिखलात असायची. त्यावरून मी एकदा तिच्याशी भांडलोही होतो. नागपूरला गेलो तेव्हाही तेच, कारखान्यात रुजू झालो तेव्हाही तेच.

या वेळी ती धुतलेलं लुगडं नेसून माझ्या आधी तयार होऊन बसली होती. मी म्हणालो, कशाला येतेस, पाठ दुखेल. ती म्हणाली, बसूनच तं जायचं आहे.

सावलीच्या स्टँडवर बस उशिरा आली. आम्ही दोन तास बाकावर बसून होतो. रस्त्यापलीकडच्या बांधीत कोण्या दुसऱ्या गावच्या बाया रोवत होत्या, माय तिकडे पाहत होती. बस आली तशी ती खिडकीपाशी आली, रुमालात बांधलेले चणे तिने माझ्या हातात दिले.

"जा सुखानं," ती म्हणाली. "घाई नोको करू. मले आज काई काम नाई."